वॉल स्ट्रीटच्या तोंडाशी हॅमिल्टनची कबर

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण भागात ब्रॉडवेवरून चालत गेलं की वॉल स्ट्रीट जिथे सुरू होतो, नेमकं त्याच्या समोर ट्रिनिटी चर्च लागतं. तपकिरी दगडाचं, उंच टोकदार मनोऱ्याचं. चर्चच्या दोन्ही अंगांना जुनी दफनभूमी आहे. तिच्या दक्षिण भागात, रेक्टर स्ट्रीटच्या कठड्यालगत, पांढऱ्या संगमरवराचं एक स्मारक आहे. चौकोनी चौथरा, त्यावर निमुळता होत गेलेला सुळका आणि चार कोपऱ्यांवर चार दगडी कलश. रस्त्यावरून जाता-जाताही ते दिसतं. ही अलेक्झांडर हॅमिल्टनची कबर. अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री, राज्यघटना मंजूर व्हावी म्हणून सगळ्यांत जास्त लेखणी झिजवणारा माणूस. आज दहा डॉलरच्या नोटेवर त्याचंच चित्र असतं.

चौथऱ्यावरच्या मजकुराचा अर्थ साधारण असा: निष्कलंक सचोटीचा देशभक्त, पराक्रम सिद्ध केलेला सैनिक, परिपूर्ण शहाणपणाचा मुत्सद्दी; हा संगमरवर झिजून त्याची धूळ झाल्यानंतरही कृतज्ञ पिढ्या ज्याचे गुण वाखाणतील असा माणूस. खाली मृत्यूची तारीख आहे, 12 जुलै 1804, आणि वय 47 वर्षं.

त्यात एक शब्द नाही: कर्ज. हॅमिल्टननं केलेलं सगळ्यांत मोठं काम कर्जाचं होतं आणि ते कळल्याशिवाय ही कबर नुसता एक सुबक दगड राहते. म्हणून आधी कर्जाचं बघू.

स्वातंत्र्ययुद्ध 1783 साली संपलं तेव्हा अमेरिका जिंकली होती, पण कंगाल होती. लढाईसाठी फ्रान्सकडून, डच सावकारांकडून, थोडे स्पेनकडून पैसे घेतले होते. देशातल्या लोकांकडून घेतलेली उसनवारी त्याहून मोठी होती. सैनिकांना पगार द्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यांना कागद दिले गेले: "सरकार तुला इतके डॉलर देणं लागतं." शेतकऱ्यांकडून धान्य, घोडे, चारा घेतला, त्याबद्दलही कागदच. त्या वेळच्या मध्यवर्ती सरकारला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. ते तेरा राज्यांकडे पैसे मागायचं आणि राज्यं दिले तर द्यायची. अशा सरकारच्या कागदाला बाजारात कोण विचारणार? घरी परतलेल्या सैनिकाला पोट होतं, त्यानं तो कागद डॉलरमागे पाव डॉलरला, कधी त्याहून कमी भावाला विकून टाकला. घेणारे होते शहरांतले पैसेवाले व्यापारी.

1787 मध्ये नवी राज्यघटना तयार झाली. ती लोकांच्या गळी उतरवण्यासाठी वर्तमानपत्रांतून 85 लेख लिहिले गेले, त्यांतले 51 एकट्या हॅमिल्टनचे. नव्या घटनेनं केंद्राला कर बसवण्याचा अधिकार दिला. 30 एप्रिल 1789 रोजी जॉर्ज वॉशिंग्टननं राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली ती वॉल स्ट्रीटवरच्या फेडरल हॉलमध्ये, या चर्चपासून हाकेच्या अंतरावर. त्या वेळी न्यूयॉर्क ही देशाची राजधानी होती. सप्टेंबरात हॅमिल्टन अर्थमंत्री झाला आणि जानेवारी 1790 मध्ये त्यानं काँग्रेसपुढे, म्हणजे तिथल्या संसदेपुढे, अहवाल ठेवला. त्यात केंद्राच्या डोक्यावरचं कर्ज सुमारे 5 कोटी 40 लाख डॉलर निघालं. शिवाय राज्यांनी आपापल्या जबाबदारीवर काढलेलं कर्ज त्यानं 2 कोटी 50 लाखांच्या घरात धरलं.

आता त्याची योजना. तिचे धागे तीन.

पहिला: जुने, भाव उतरलेले कागद सरकारनं परत घ्यायचे आणि त्यांच्या बदल्यात नवे कर्जरोखे द्यायचे. मुद्दलाच्या दोन तृतीयांश भागावर लगेच सहा टक्के व्याज सुरू, उरलेल्या एक तृतीयांशावर सहा टक्के पण 1801 पासून. थकलेल्या व्याजापोटी तीन टक्क्यांचे वेगळे रोखे. म्हणजे सावकारानं थोडी कळ सोसायची, पण त्याचं मुद्दल बुडणार नाही. दुसरा: व्याज ठरलेल्या तारखेला मिळेलच याची खात्री पटावी म्हणून त्यासाठी ठरावीक उत्पन्न बांधून ठेवायचं, मुख्यतः बंदरांत येणाऱ्या मालावरची जकात. चोरटा माल पकडायला त्यानं गस्तीच्या जहाजांचं एक छोटं दलही उभं केलं. आजच्या अमेरिकन तटरक्षक दलाची सुरुवात तीच.

तिसरा धागा सगळ्यांत वादाचा होता. राज्यांचं कर्जही केंद्रानं आपल्या अंगावर घ्यायचं. एकत्र कुटुंबात धाकट्या भावांनी घरच्याच लढ्यासाठी काढलेलं कर्ज थोरल्यानं आपल्या नावावर घ्यावं, तसं. पण कर्ज थोरल्याचं झालं की सावकारांचं लक्ष थोरल्याच्या कमाईवर राहतं, ती वाढावी असं त्यांना वाटू लागतं आणि घरातला त्याचा शब्द वजनदार होतो. हॅमिल्टनला हेच हवं होतं. देशातल्या पैसेवाल्यांचं हित केंद्र सरकार टिकण्यात गुंतलं, तर तेरा राज्यांची मोट सुटणार नाही, हा त्याचा हिशेब.

वाद दोन उठले आणि दोन्ही खरे होते. काँग्रेसमधला व्हर्जिनियाचा प्रतिनिधी जेम्स मॅडिसन म्हणाला, ज्या सैनिकानं रक्त सांडलं त्यानं कागद पाव भावात विकला, आता पूर्ण पैसे सट्टेवाल्याच्या खिशात जाणार, हा अन्याय आहे. मूळ मालकालाही वाटा द्या. हॅमिल्टनचं उत्तर होतं की कागद ज्याच्या हातात आहे त्यालाच पैसे मिळतील ही खात्री नसेल, तर सरकारी रोखा यापुढे कोणी विकत घेणार नाही, आणि मग पुढच्या संकटात देशाला कर्ज मिळणार नाही. मला हॅमिल्टनचा युक्तिवाद पटतो, पत अशीच उभी राहते. पण त्या पतीची किंमत सैनिकांनी मोजली, हेही तितकंच खरं आहे आणि ते लपवून हॅमिल्टनचं कौतुक करणं बरोबर नाही.

दुसरा वाद राज्यांचा. व्हर्जिनियासारख्या राज्यांनी आपलं बरंच कर्ज फेडून टाकलं होतं. त्यांनी विचारलं, आम्ही दुसऱ्यांचं का भरायचं? काँग्रेसमध्ये योजना अडली. तेव्हा परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसननं हॅमिल्टन आणि मॅडिसन या दोघांना आपल्या घरी जेवायला बोलावलं. ते घर मेडन लेनवर होतं, इथून पायी काही मिनिटांवर. तिथे सौदा ठरला: राज्यांचं कर्ज केंद्र घेईल आणि त्या बदल्यात राजधानी न्यूयॉर्कमधून हलून दहा वर्षं फिलाडेल्फियात राहून मग दक्षिणेला पोटोमॅक नदीकाठी जाईल. आजचं वॉशिंग्टन शहर त्या सौद्यातून जन्मलं. न्यूयॉर्कनं राजधानी गमावली आणि पैशाचा बाजार मिळवला, असंही म्हणता येईल.

कारण नवे रोखे आले तसे ते विकणारे-घेणारेही आले. 1791 पर्यंत सहा टक्क्यांच्या रोख्यांना पूर्ण दर्शनी किंमत मिळू लागली. 1792 च्या मार्चमध्ये सट्टा कोसळला, हॅमिल्टनचा पूर्वीचा सहायक विल्यम ड्युअर कर्ज थकवल्याबद्दल तुरुंगात गेला आणि हॅमिल्टननं सरकारी पैशातून रोखे खरेदी करून भाव सावरला. आज मध्यवर्ती बँका घबराटीत जे करतात, त्याचं हे फार जुनं उदाहरण. दोन महिन्यांनी, 17 मे 1792 रोजी, 24 दलालांनी वॉल स्ट्रीटवर व्यवहाराचे नियम ठरवणाऱ्या करारावर सह्या केल्या. न्यूयॉर्क शेअर बाजार आपलं मूळ त्या कराराकडे नेतो. तिथल्या एका झाडाचं नाव त्या कराराला पडलं. मुंबईच्या दलालांचा बाजारही 1850 च्या दशकात टाउन हॉलसमोरच्या वडांखाली भरायचा, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला सहज डोळ्यांपुढे आणता येते.

पैसा उभा करायची दुसरी बाजू कडू होती. 1791 मध्ये व्हिस्कीवर अबकारी कर बसला. पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्यांनी तो नाकारला, 1794 मध्ये बंड झालं आणि ते मोडायला निघालेल्या फौजेबरोबर हॅमिल्टन स्वतः घोड्यावरून गेला. जानेवारी 1795 मध्ये त्यानं मंत्रिपद सोडलं आणि न्यूयॉर्कला परत येऊन वकिली सुरू केली.

आता प्रश्न असा की तो या आवारात का आहे. वॉशिंग्टन माउंट व्हर्ननला आपल्या जमिनीत विसावला, जेफरसन मॉन्टिसेलोला आपल्या टेकडीवर. त्यांच्यामागे पिढीजात इस्टेटी होत्या. हॅमिल्टन कॅरिबियन समुद्रातल्या नेव्हिस बेटावर, लग्न न झालेल्या आईबापांच्या पोटी जन्मला, पोरवयात अनाथ झाला, दुकानात कारकुनी केली आणि सतरा-अठराच्या वयात लोकांच्या मदतीनं शिकायला इकडे आला. ज्या किंग्ज कॉलेजात तो शिकला ते ट्रिनिटी चर्चनंच दिलेल्या जमिनीवर उभं होतं. पुढे त्याचं कोलंबिया विद्यापीठ झालं. त्याची अशी भूमी म्हणजे हे शहरच. चर्चमध्ये कुटुंबाचं भाड्यानं घेतलेलं बाक होतं, मुलांचे बाप्तिस्मे इथे झाले होते, चर्चची काही वकिलीची कामंही त्यानं केली होती. पण तो स्वतः या चर्चचा विधिवत सभासद कधीच झाला नव्हता. आणि शेवटी तीच गोष्ट आडवी आली.

11 जुलै 1804 च्या सकाळी हडसन नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या वीहॉकेनच्या कड्याखाली त्याचं आणि एरन बरचं पिस्तुलांचं द्वंद्व झालं. बर त्या वेळी देशाचा उपराष्ट्राध्यक्ष होता. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदाची निवडणूक तो हरला होता आणि हॅमिल्टननं आपल्याबद्दल काढलेले उद्गार छापून आल्यावर त्यानं खुलासा मागितला होता. हॅमिल्टननं आदल्या दिवसांत लिहून ठेवलं होतं की आपली पहिली गोळी आपण वाया घालवणार आहोत. बरची गोळी उजव्या कुशीच्या वर लागली आणि मणक्यात रुतली.

त्याला नावेतून परत आणून विल्यम बेयर्ड या मित्राच्या घरी ठेवलं. मरण जवळ आलंय हे त्याला कळत होतं. त्यानं ट्रिनिटीचे बिशप बेंजामिन मूर यांना बोलावलं आणि पवित्र भोजनाचा विधी मागितला. बिशप नाही म्हणाले. द्वंद्व हे चर्चच्या दृष्टीनं पाप होतं, त्यात जखमी झालेल्याला हा विधी लगेच दिला तर पापाला मान्यता दिल्यासारखं होईल, असं त्यांना वाटलं. मग प्रेस्बिटेरियन पंथाचे जॉन मेसन आले. त्यांच्या पंथात हा विधी खासगीत करत नाहीत, म्हणून त्यांनीही नकार दिला. मित्रांनी बिशपांना पुन्हा गळ घातली. बिशप परत आले. हॅमिल्टननं त्यांना सांगितलं की बरबद्दल माझ्या मनात वैर नाही, जगलो तर पुन्हा द्वंद्व करणार नाही आणि या प्रथेविरुद्ध उभा राहीन. तेव्हा विधी झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

14 जुलैला अंत्ययात्रा निघाली. लष्करी मानवंदना, बंदरातून तोफांचे बार, शवपेटीमागे त्याचा घोडा, रिकिबीत बूट उलटे अडकवलेले. चर्चच्या दारात मंच बांधला होता. त्यावर त्याचा मित्र गुव्हर्नर मॉरिस (गुव्हर्नर हे त्याचं नाव, पद नव्हे) बोलायला उभा राहिला आणि शेजारी हॅमिल्टनचे चार मुलगे बसले होते. जे चर्च तेव्हा तिथे उभं होतं ते आजचं नाही. पहिली इमारत 1776 च्या मोठ्या आगीत जळाली, दुसरी 1790 ची, तीही पुढे खचली म्हणून उतरवली. आज दिसतं ते 1846 मधलं तिसरं चर्च. त्याचा 281 फुटी मनोरा हॅमिल्टननं कधी पाहिला नाही.

देशाचा हिशेब बसवणारा माणूस स्वतः कर्ज ठेवून गेला. शहराच्या उत्तरेला बांधलेलं ग्रेंज हे घर आणि जमिनींत गुंतवलेला पैसा, यांत तो अडकला होता. मित्रांनी गुपचूप वर्गणी काढून कुटुंब सावरलं. स्मारक उभारलं ते ट्रिनिटी चर्चनं. तसं ते दगडावरच कोरलेलं आहे.

त्या दगडावरच्या 47 या आकड्याचीही गंमत आहे. हॅमिल्टन आपलं जन्मवर्ष 1757 सांगायचा, त्यानुसार 47 बरोबर. पण आई वारल्यानंतर 1768 मध्ये सेंट क्रॉय बेटावर झालेल्या वारसाच्या सरकारी कागदात त्याचं वय 13 नोंदलंय, म्हणजे जन्म 1755 चा आणि मृत्यूच्या वेळी वय 49. इतिहासकारांचं अजून एकमत नाही.

आणि संगमरवर झिजण्याबद्दल तिथे जे कोरलंय ते रसायनशास्त्रानंही खरं केलं आहे. संगमरवर म्हणजे मुळात चुनखडीच. शहरात दीडशे वर्षं कोळसा जळला, त्याच्या धुरातला गंधक पावसात मिसळून आम्ल होतं, ते दगडाच्या वरच्या थराचं जिप्सम करतं आणि पुढचा पाऊस ते जिप्सम धुऊन नेतो. म्हणून जुन्या संगमरवरी कबरींवरची अक्षरं बोथट होतात, कडा गोलसर होतात. आवारातल्या तपकिरी वालुकाश्माचं दुखणं वेगळं: त्यात पाणी मुरतं, थंडीत गोठून फुगतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. तरी इथला सगळ्यांत जुना कोरीव दगड 1681 चा आहे, रिचर्ड चर्चर नावाच्या पाच वर्षांच्या मुलाचा. चर्चला सनद मिळाली 1697 मध्ये, म्हणजे दफनभूमी चर्चपेक्षाही जुनी.

स्मारकाच्या पायाशी, जमिनीला समांतर, एक साधी शिळा आहे. ती एलायझाची, हॅमिल्टनच्या बायकोची. शिळेवर तिची ओळख दोन नात्यांनी दिली आहे: फिलिप स्कायलर यांची मुलगी, अलेक्झांडर हॅमिल्टन यांची विधवा. ती मात्र नवऱ्यानंतर पन्नास वर्षं जगली आणि त्या पन्नास वर्षांतलं काहीच त्या शिळेवर नाही. नवरा गेला तेव्हा पदरात सात मुलं होती, सगळ्यांत धाकटं दोन वर्षांचं. दोन वर्षांत, 1806 मध्ये, तिनं इतर बायकांच्या साथीनं शहरात खासगी अनाथाश्रम सुरू केला आणि पुढे अनेक वर्षं त्याची प्रमुख म्हणून काम पाहिलं. नवऱ्यानं युद्धानंतर सोडून दिलेल्या लष्करी मोबदल्यासाठी ती काँग्रेसपुढे गेली आणि 1816 मध्ये तो मिळवला. त्याची पत्रं, मसुदे, टिपणं जमवत राहिली. शेवटी सरकारनं ते कागद विकत घेतले. आज हॅमिल्टनबद्दल जे बारकाईनं लिहिता येतं त्याचा मोठा आधार हे तिचं जमवणं आहे. 1854 मध्ये वॉशिंग्टन शहरात ती 97 व्या वर्षी वारली आणि तिला इथे आणलं. माझ्या मते या कोपऱ्यात थांबायचं तर आधी या शिळेपाशी थांबावं. 2015 साली ब्रॉडवेवर हॅमिल्टनच्या आयुष्यावरचं संगीतनाटक गाजल्यापासून लोक दोघांच्याही दगडांवर फुलं आणि नाणी ठेवून जातात. त्यांचा थोरला मुलगा फिलिप 1801 मध्ये अशाच द्वंद्वात मारला गेला. तोही याच आवारात आहे, पण त्याची जागा दाखवणारा दगड नाही.

या आवारात कोणाला जागा मिळाली याबरोबर कोणाला नाकारली, हेही सांगायला हवं. 1697 मध्येच ट्रिनिटीनं ठराव केला की कृष्णवर्णीयांना चर्चच्या आवारात पुरायचं नाही. गुलाम आणि मुक्त आफ्रिकी लोक आपली माणसं मग गावाबाहेर, उत्तरेला पुरू लागले. ती जागा पुढे शहराखाली गडप झाली. 1991 मध्ये सरकारी कार्यालयासाठी पाया खणताना सांगाडे लागले. 419 माणसांचे अवशेष बाहेर काढले गेले आणि तिथे पुरलेल्यांचा अंदाज 15,000 पर्यंत जातो. 2006 पासून ते राष्ट्रीय स्मारक आहे, हॅमिल्टनच्या कबरीपासून पायी पंधरा-वीस मिनिटांवर. हॅमिल्टन गुलामांच्या मुक्ततेसाठी 1785 मध्ये स्थापन झालेल्या न्यूयॉर्कच्या संस्थेत सुरुवातीपासून होता. सासरच्यांसाठी केलेल्या गुलामखरेदीच्या नोंदीही त्याच्याच हिशेबवहीत आहेत.

इतक्या महागड्या जमिनीवर ही दफनभूमी टिकली कशी? एक कारण म्हणजे चर्चला पैशाची चणचण नव्हती. 1705 मध्ये इंग्लंडच्या राणी ॲननं त्याला 215 एकर जमीन दिली. बरीचशी गेली, तरी उरलेल्या भागातल्या इमारतींची किंमत आज अब्जावधी डॉलरमध्ये आहे. जागा अपुरी पडू लागल्यावर 1842 मध्ये चर्चनं शहराच्या उत्तर भागात दुसरी दफनभूमी घेतली, पण जुनी मोडली नाही. 1850 च्या सुमारास या आवारातून रस्ता काढायची टूम निघाली होती. उत्तरेकडचं उंच सैनिक स्मारक तो रस्ता अडवण्यासाठीच नेमक्या जागी बांधलं, असं सांगतात.

उत्तरेकडे गेलात तर आणखी एक कबर शोधा, अल्बर्ट गॅलटिनची. तो हॅमिल्टनच्या विरोधी पक्षाचा आणि 1801 ते 1814 अर्थमंत्री. जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाला तेव्हा हॅमिल्टनची कर्जव्यवस्था आवरती घ्यायची हाच त्यांचा निर्धार होता आणि गॅलटिननं 1812 पर्यंत 8 कोटी 30 लाखांचं कर्ज साडेचार कोटींवर आणूनही दाखवलं. पण मध्येच 1803 मध्ये नेपोलियननं लुइझियानाचा प्रचंड मुलूख 1 कोटी 50 लाख डॉलरला विकायला काढला. एवढी रोकड तिजोरीत नव्हती. त्यांतले 1 कोटी 12 लाख 50 हजार डॉलर सहा टक्क्यांच्या सरकारी रोख्यांनी चुकते झाले, आणि युरोपातल्या सावकारी पेढ्यांनी ते रोखे बिनघोर घेतले. चौदा वर्षांपूर्वी ज्या सरकारचा कागद पाव भावातही कोणी धरत नव्हतं, त्याच सरकारचा कागद घेऊन फ्रान्सनं देशाचा आकार जवळपास दुप्पट करणारी जमीन सोडली. जेफरसन आणि गॅलटिन या दोघांनी ती खरेदी केली हॅमिल्टननं उभ्या केलेल्या पतीवर.